शेमापासून कीर्तनापर्यंत : बेने इस्रायली वाचकसमूह आणि मराठीतील धर्मसंहिता

१

अर्थ संहितेत असतो की वाचकात, या वादाला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाचककेंद्री समीक्षेने नवे वळण दिले. इझरने संहितेतील रिकाम्या जागांकडे लक्ष वेधले, याउसने वाचकाच्या अपेक्षांच्या क्षितिजाचा इतिहास मांडला आणि स्टॅन्ली फिशने १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात 'अर्थनिर्णायक समुदाय' ही संकल्पना पुढे आणली. एकट्या वाचकाचे स्वातंत्र्य आणि संहितेची वस्तुनिष्ठता या दोन्ही टोकांना टाळून, वाचनाचे संकेत ज्या समूहात मुरलेले असतात तो समूहच अर्थ घडवतो, असे फिशचे प्रतिपादन आहे.

या प्रतिपादनासाठी त्याने दिलेला दाखला सुपरिचित आहे. १९७१ साली एका तासाला फळ्यावर काही भाषावैज्ञानिकांची आडनावे गृहपाठाची खूण म्हणून लिहिलेली होती. पुढच्या तासाला सतराव्या शतकातील इंग्रजी धार्मिक कविता शिकणारे विद्यार्थी आले. फळ्यावर आहे ती एक धार्मिक कविता आहे, असे त्यांना सांगताच त्यांनी तिचा अर्थ लावला. 'जेकब्स'मध्ये त्यांना याकोबाची शिडी दिसली, 'रोझेनबाउम'मध्ये गुलाबाचे झाड आणि त्यावरून कुमारी मरिया दिसली, 'लेविन'मध्ये लेवीचा वंश आणि बेखमीर भाकर दिसली. यादीतील तीन नावे हिब्रू आहेत हेही त्यांच्या ध्यानी आले. मात्र या निरीक्षणाची त्यांनी जी सोडवणूक केली ती जुन्या करारातून नव्या कराराकडे, नियमशास्त्राकडून प्रेमाकडे जाणारी होती.

हा दाखला समूहाचे सामर्थ्य सिद्ध करतो, हे खरेच. परंतु त्यातून आणखी एक गोष्ट सूचित होते आणि तिच्याकडे फिशने फारसे लक्ष दिलेले नाही. एका समूहाची संहिता दुसऱ्या समूहाच्या वाचनसंकेतांत गेली की ती त्या दुसऱ्या समूहाच्या कथेतील पूर्वार्ध ठरते. जिची ती संहिता आहे तो समूह या वाचनात उपस्थितच नसतो. फिशचे समुदाय आधीच सिद्ध झालेले, विद्यापीठाच्या वर्गात बसलेले, आपापली संहिता हाती असलेले असे आहेत. संहिता हाती नसताना टिकून राहिलेला, ती परक्यांच्या हातून मिळालेला आणि मग वाचता वाचता स्वतःला घडविणारा समूह असेल, तर त्याच्या वाचनाचे स्वरूप काय असते? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मराठी अभ्यासकाला दूर जावे लागत नाही. कोकणातून मुंबईत आणि मुंबईतून कुर्ला-ठाण्याकडे सरकत गेलेल्या बेने इस्रायल समाजाचा इतिहास हे त्याचे उत्तर आहे.

२

यहुदी परंपरेत धर्मसंहितेचे वाचन हा नित्यनेमाचा भाग आहे. अनुवाद या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात 'शेमा' या नावाने ओळखले जाणारे ईश्वराच्या एकत्वाचे वचन येते. लगेच पुढे ही वचने घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना बोलत जावीत, अशी आज्ञा आहे. दैनंदिन वाचनाचा विधी येथे संहितेतच लिहिलेला आहे. तोरा हे पंचग्रंथात्मक शास्त्र ५४ भागांत विभागलेले असून ते सिनेगॉगमध्ये वर्षभरात वाचून पूर्ण होते. 'सिम्हाथ तोरा'च्या दिवशी शेवटचा भाग संपतो आणि त्याच दिवशी पहिला अध्याय पुन्हा सुरू होतो. जाहीर वाचन सोमवारी, गुरुवारी आणि शब्बाथ दिवशी होते. शब्बाथाच्या पाठाचे सात पोटभाग असतात आणि रोज एक याप्रमाणे ते घरी वाचण्याचीही रीत आहे.

साहित्यमीमांसेच्या दृष्टीने या व्यवस्थेतील एक नियम विशेष महत्त्वाचा आहे. आठवड्याचा भाग प्रत्येकाने मुळातून दोनदा आणि भाषांतरातून एकदा वाचावा, असा दंडक तालमुदात नोंदलेला आहे. भाषांतराला येथे मुळाची उणी जागा भरून काढणारा पर्याय मानलेले नाही. तिसरे वाचन म्हणून ते अभ्यासाच्या अंगभूतच आहे. प्राचीन काळी सिनेगॉगमध्ये वाचकाशेजारी 'मेतुर्गेमान' म्हणजे भाषांतरकार उभा राहत असे. तोरेचे एक वचन वाचले गेले की तो ते अरामी बोलीत सांगे. त्याने हे लिखित भाषांतर पाहून करू नये, असा निर्बंध होता. लोकांनी बोली निरूपणाला शास्त्र समजू नये आणि शास्त्र मात्र बोलीतून कळावे, अशी ही दुहेरी दक्षता होती.

तालमुदाचे पान पाहिले तर हीच दृष्टी मुद्रणातही उतरलेली दिसते. व्हेनिसमध्ये डॅनियल बॉम्बर्गने १५२० ते १५२३ या काळात छापलेल्या आवृत्तीपासून पानाची रचना स्थिर झाली. मधोमध मूळ चर्चा, आतल्या बाजूला अकराव्या शतकातील राशीची टीका, बाहेरच्या बाजूला त्याच्या वारसदारांचे आक्षेप. शतकांचे अंतर असलेले आवाज एकाच पानावर एकमेकांशी भांडत राहतात आणि वाचणाऱ्यालाही जोडीदाराबरोबर, वाद घालीत, वाचावे लागते. या जोडीच्या अभ्यासाला 'हव्रुता' म्हणतात. १९२३ साली व्हिएन्ना येथील परिषदेत रब्बी मेइर शापिरो यांनी 'दाफ योमी' म्हणजे रोज एक पान अशी योजना मांडली. जगभरच्या यहुद्यांनी एका दिवशी एकच पान वाचावे, या बेताने २,७११ पानांचे एक आवर्तन सुमारे साडेसात वर्षांनी पुरे होते. चौदावे आवर्तन जानेवारी २०२० मध्ये सुरू झाले.

मराठी वाचकाला यातील काही खुणा ओळखीच्या वाटतील. ज्ञानेश्वरीचे पारायण, हरिपाठाचा नित्यनेम, एकनाथांनी १५८४ मध्ये सिद्ध केलेली शुद्ध प्रत आणि तिच्या संहितेविषयीची त्यांची कठोर दक्षता हे सारे संहितानिष्ठ समूहाचेच व्यवहार आहेत. तथापि पारायणात ओवी म्हणायची असते, तिच्याशी वाद घालायचा नसतो. तालमुदी पानाला अधिक जवळचा नमुना महानुभावांचा आहे. केशिराजबासांनी लीळांतून वेगळी काढलेली सूत्रे, एकेक सूत्र कोणत्या प्रसंगी निरूपिले गेले हे सांगणारी प्रकरणवशे, आणि आचार-विचार-लक्षणांवरील भाष्यांची उतरंड येथे सूत्र आणि प्रसंग यांचा संबंध हाच अभ्यासाचा विषय होतो. महानुभावांनी हा अभ्यास सांकेतिक लिपीआड सांभाळला. बेने इस्रायलांपुढची अडचण नेमकी उलटी होती. लपविण्यासारखी संहिताच त्यांच्यापाशी नव्हती.

३

नवगावजवळ जहाज फुटून वाचलेल्या सात पुरुष व सात स्त्रियांपासून समाज वाढला, ही बेने इस्रायलांची परंपरागत कथा आहे. ऐतिहासिक पुराव्याच्या कसोटीवर ती किती उतरते हा प्रश्न वेगळा. तिच्यातील एक तपशील मात्र साहित्यविचाराला महत्त्वाचा आहे : ग्रंथ समुद्रात गेले. कुलाबा जिल्ह्यातील गावांत तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे 'शनिवार तेली' सुंता, शब्बाथ, आहाराचे काही निर्बंध आणि शेमा एवढ्या शिदोरीवर यहुदी राहिले. जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या प्रत्येक संस्काराला त्यांच्याकडे एकच मंत्र होता, तो म्हणजे शेमा.

तालमुदाचा पहिला प्रश्न संध्याकाळचा शेमा कोणत्या वेळेपासून म्हणावा, हा आहे. ज्या वचनाच्या वेळेची चर्चा करीत तो अफाट ग्रंथ सुरू होतो, ते वचन येथे संपूर्ण धर्मशास्त्राच्या जागी उभे होते. संहिता नसलेल्या या समूहाला वाचनहीन म्हणणे मात्र चुकीचे ठरेल. त्याने आपले पंचांग वाचले आणि त्याला मराठी नावे दिली. रोश हाशाना हा 'नव्याचा सण' झाला, पुरीम 'होळीचा सण' झाला, आणि यरुशलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन 'बिरड्याचा रोजा' म्हणून पाळला गेला. विध्वंसाची कथा हरवली होती. उपास सोडताना खायचे बिरडे स्मरणात राहिले होते. येथे अर्थ विधीत आणि अन्नात साठविलेला आहे, आणि तो साठविणारी भाषा कोकणी मुलखातली मराठी आहे.

एकोणिसाव्या शतकात संहिता आली ती दोन वाटांनी. कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी हिब्रू पठण आणि सिनेगॉगचा विधी शिकविला. दुसरी वाट मिशनऱ्यांची. अमेरिकन मराठी मिशनच्या शाळांत बेने इस्रायली मुले शिकली. १८२९ मध्ये मुंबईस आलेल्या जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले. ज्यांचे धर्मांतर घडवावे अशी आशा होती त्यांना त्यांचीच भाषा शिकविण्याचा हा उद्योग होता. धर्मांतरे फारशी झाली नाहीत. वाचक मात्र तयार झाले.

परंतु मराठीत मिळालेल्या या शास्त्राचे नावच 'जुना करार' असे होते. 'जुना' या विशेषणात एक संपूर्ण अर्थनिर्णय दडलेला आहे, कारण नवा करार झाला असे मानणाऱ्यालाच पहिला करार जुना वाटतो. ग्रंथांचा क्रमही निराळा होता. हिब्रू तनाख इतिहासाच्या ग्रंथांनी, यरुशलेमला परतण्याच्या अनुज्ञेने संपतो. ख्रिस्ती क्रम मलाखी या संदेष्ट्याने संपतो आणि त्यामुळे वाचकाचे मुख पुढच्या ग्रंथाकडे वळते. यशयाच्या सातव्या अध्यायातील 'आल्मा' या हिब्रू शब्दाचा अर्थ तरुणी असा आहे. ग्रीक भाषांतरात तेथे कुमारिका आली आणि मराठी बायबलातही 'कुमारी'च आहे. फिशच्या वर्गातील यादीचे जे झाले तेच येथे ग्रंथभर झाले होते. फरक इतकाच की येथे ज्यांची नावे फळ्यावर लिहिली होती ते स्वतः वर्गात बसलेले होते आणि त्यांना आता वाचता येत होते.

४

या परिस्थितीला बेने इस्रायलांनी दिलेले उत्तर मराठी ग्रंथव्यवहाराच्या इतिहासात नोंदले जावे अशा मोलाचे आहे. १८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह 'हगादा' निघाली. पेसाहच्या रात्री मिसरातून झालेल्या सुटकेची कथा ज्या पोथीतून घरोघर वाचतात ती ही पोथी. १८७४ मध्ये पुण्यात निघालेल्या सचित्र हगादेत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया मराठी वेशात चितारलेल्या आहेत. पोथीची ही निवड सूचक आहे. हगादा ही मुलाने प्रश्न विचारावा आणि वडीलधाऱ्यांनी सांगावे अशा रचनेची संहिता असून, ऐकणाऱ्याला कळत नसेल तर तिचा विधीच निष्फळ होतो. म्हणूनच भाषांतराचा आरंभ तेथून झाला.

जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४-१९०५) यांनी प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे करून हे कार्य पद्धतशीर केले. मुंबई विद्यापीठात हिब्रूचे परीक्षक असलेल्या या शिक्षकाने मुळाशेजारी मराठी ठेवले. दोनदा मूळ आणि एकदा भाषांतर हा प्राचीन दंडक मराठीपुरता त्यांनीच शक्य केला, असे म्हणता येईल. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ मध्ये समाजाची शाळा उभारण्यात पुढाकार घेतला. १८९७ मध्ये लिहून झालेला त्यांचा समाजेतिहास १९३७ मध्ये तेल अवीव येथे छापला गेला.

तथापि समूहवाचनाचे खरे रूप घडले ते कीर्तनात. १८८० मध्ये मुंबईत बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांचे सहकारी यांनी हरिदासी कीर्तनाची चौकट उचलून तीत अब्राहाम, योसेफ, मोशे यांची चरित्रे गायिली, आणि त्यासाठी कीर्तनोत्तेजक मंडळ स्थापन झाले. साकी, दिंडी, पद यांसारखे कीर्तनाला सरावलेले छंद त्यांनी वापरले. या घटनेकडे मराठी समीक्षेने 'सांस्कृतिक समन्वया'चे एक गोड उदाहरण एवढ्याच नजरेने पाहिले आहे. ही नजर अपुरी आहे. समन्वय म्हटले की वरचा वेश मराठी आणि आतला आशय यहुदी अशी वाटणी गृहीत धरली जाते. प्रत्यक्षात येथे रूपाने वाचनाचे कार्य केले आहे.

उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायातील इसहाकाच्या यज्ञबंधनाची कथा घेतली तर हे स्पष्ट होईल. एरिख आउअरबाखने १९४६ च्या आपल्या ग्रंथात याच कथेच्या आधारे हिब्रू निवेदनाची प्रकृती दाखविली. तीन दिवसांचा प्रवास, पण वाटेचे वर्णन नाही. बापलेकांत जेमतेम एक संवाद. आई सारेचा उल्लेखही नाही. जे सांगितले आहे त्याहून न सांगितलेल्याचे दडपण मोठे आहे. मिद्राश या यहुदी भाष्यप्रकाराचा जन्म अशाच मौनातून होतो. वाटेत बापाच्या मनात काय चालले होते, मुलाला केव्हा कळले, आईला काय सांगितले, हे प्रश्न तो संहितेला विचारतो. आख्यानही हेच करते. चिलयाबाळाची कथा ज्या श्रोत्याने पूर्वी कीर्तनात ऐकली आहे, त्याला पुत्रबलिदानाच्या प्रसंगी आईचे मौन असह्य वाटणारच. निरूपणकार ते मौन बोलके करतो. इझरची 'रिकामी जागा' येथे शास्त्रीय संज्ञा राहत नाही. ती पदाची, चालीची आणि श्रोत्यांच्या हुंकाराची जागा होते.

यापुढे जाऊन पाहिले तर कीर्तनकार आणि मेतुर्गेमान यांच्यात कार्याचे साम्य आहे. तोरेचे हिब्रू वाचन सिनेगॉगच्या तेवेवर अबाधित राहते. कीर्तनकार वेगळ्या वेळी, वेगळ्या ठिकाणी, लोकांच्या बोलीत ती कथा सांगतो. आपल्या निरूपणाला तो शास्त्र म्हणवीत नाही. मुख्य म्हणजे मिशनरी भाषांतरातील 'जुनेपणा' तो पुसून टाकतो. कीर्तनातला अब्राहाम कोणाची पूर्वछाया म्हणून येत नाही. तो श्रोत्यांचा पूर्वज म्हणून येतो. ज्या मराठीतून ही संहिता परकी होऊन आली होती, त्याच मराठीच्या एका जुन्या रूपाने ती परत घेतली.

५

येथे दोन आक्षेप संभवतात आणि ते टाळता येण्यासारखे नाहीत. पहिला असा की कीर्तन हे श्रवण आहे, अध्ययन नव्हे. हव्रुतेत वाचणारा प्रतिवाद करतो. कीर्तनातला श्रोता फार तर ध्रुपद उचलतो. हा आक्षेप बव्हंशी मान्य करावा लागतो. यहुदी परंपरेत कथात्मक 'अग्गादा' आणि विधिनिषेधात्मक 'हलाखा' असे दोन प्रवाह आहेत; बेने इस्रायलांनी पहिला मराठीत आणला, दुसरा आणला नाही. तालमुदाचे समग्र मराठी भाषांतर झालेले नाही, आणि समाजात स्वतःची रब्बीपरंपराही घडली नाही.

या उणिवेची किंमत पुढे मोजावी लागली. इस्रायलमध्ये गेलेल्या बेने इस्रायलांच्या विवाहांबाबत तेथील मुख्य रब्बीसंस्थेने १९६२ मध्ये चौकशीचे विशेष नियम घालून दिले. घटस्फोट आणि निपुत्रिक विधवेची मुक्तता यांविषयीची हलाखा या समाजाने शतकानुशतके पाळली होती काय, अशी शंका त्यामागे होती. ज्या ग्रंथांच्या आधारे ही शंका घेतली गेली ते ग्रंथ या समाजाच्या हाती कधीच नव्हते. तीव्र आंदोलनानंतर १९६४ मध्ये तेथील संसदेने बेने इस्रायल हे सर्वार्थाने यहुदी असल्याचा ठराव केला आणि नियम बदलावे लागले. फिशच्या सिद्धान्तात समुदायाच्या सीमा जणू आपोआप ठरतात. या प्रकरणाने दाखविले की त्या सत्तेने ठरतात, आणि एका वाचकसमूहाचे सभासदत्व दुसरा वाचकसमूह नाकारू शकतो. शेमा म्हणणाऱ्यांना तालमुदाच्या पानावरून प्रश्न विचारला गेला, आणि उत्तर ग्रंथातून येण्याऐवजी रस्त्यावरून आणि संसदेतून आले.

दुसरा आक्षेप कीर्तनाच्या बाजूनेच येतो : समूह विखुरला की रूप कोणासाठी उरते? १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर यांनी मांडवीत 'शाआर हारहमीम' हे मुंबईतील पहिले सिनेगॉग उभारले. लोक त्याला 'जुनी मशीद' म्हणत. भोवतालच्या इस्रायल मोहल्ल्यात समाज पायी अंतरावर राहत होता. शब्बाथाला वाहनप्रवास शास्त्राला संमत नाही आणि जाहीर तोरावाचनाला 'मिन्यान' म्हणजे दहा प्रौढ पुरुषांची उपस्थिती लागते. तेव्हा दाट वस्ती ही या वाचनाची भौतिक पूर्वअट आहे. विसाव्या शतकात वस्ती भायखळा-आग्रीपाड्याकडे, मग मध्य रेल्वेच्या वाटेने कुर्ल्याकडे आणि ठाण्याकडे सरकली. ठाण्यात १८७९ पासून 'शाआर हाशामायिम' सिनेगॉग होतेच. कुर्ल्यात प्रार्थनालय झाले. या दोहोंच्या मधला घाटकोपर-भांडुप-मुलुंडचा पट्टा उपनगरी सदनिकांचा आहे. दहा माणसे जमणे हा तेथे वस्तीचा सहज परिणाम राहत नाही, ती ठरवून करावयाची गोष्ट होते. १९४८ नंतरच्या स्थलांतराने समाजाचा मोठा भाग इस्रायलमध्ये गेला. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला तेव्हा भारतातील त्यांची संख्या काही हजारांवर आलेली होती.

अशा वस्तीत रोजच्या पाठाचे महत्त्व वाढते. घरी बसून वाचण्याला मिन्यान लागत नाही, आणि त्याच दिवशी तोच भाग दूरवर कोणी वाचत आहे या जाणिवेने समूह मनात तरी उभा राहतो. मात्र या जागतिक वाचनाची टीकाभाषा इंग्रजी आहे. हिब्रू मूळ आणि इंग्रजी भाष्य अशी जोडी जमली की राजपूरकरांनी उभी केलेली तिसरी जागा, मराठी वाचनाची जागा, रिकामी पडते. तालमुदाचे पान या वाचकाला मिळते, पण त्या पानावर त्याची मातृभाषा कोणत्याही समासात नसते.

६

संहिता नष्ट होणे आणि वाचन नष्ट होणे या भिन्न घटना आहेत, हे या इतिहासाचे मुख्य निष्पन्न होय. बेने इस्रायलांपाशी एकेकाळी वाचनाची रीत होती आणि ग्रंथ नव्हता. त्या रीतीच्या बळावर त्यांनी ग्रंथ आला तेव्हा तो ओळखला आणि आपला केला. आज स्थिती उलटी होण्याचा धोका आहे. मराठी हगादांच्या प्रती ग्रंथालयांत जपल्या जातील, प्रदर्शनांत मांडल्या जातील. त्या मोठ्याने वाचून मुलाच्या प्रश्नाला मराठीत उत्तर देणारे घर मात्र उरेलच असे नाही. अर्थनिर्णायक समुदाय नाहीसा झाल्यावर संहितेचे काय होते, या प्रश्नाला फिशच्या सिद्धान्तात उत्तर नाही, कारण त्याच्या वर्गात पुढच्या तासाला विद्यार्थी येणारच असतात.

मराठी समीक्षेची जबाबदारी येथे सुरू होते. संतसाहित्य, महानुभाव वाङ्मय, ख्रिस्ती मराठी वाङ्मय यांचे अभ्यास उभे राहिले. बेने इस्रायली भाषांतरे आणि कीर्तने यांची नोंद समाजशास्त्राच्या किंवा लोकसंस्कृतीच्या सदरात होत राहिली. ती साहित्याच्या इतिहासात घेताना 'मराठीतील यहुदी योगदान' असा कोनाडा करून भागणार नाही. आख्यान हे रूप किती दूरच्या संहितेला पेलू शकते, भाषांतर हे वाचनाचे अंग केव्हा होते, आणि 'जुना' हे एक विशेषण बदलण्यासाठी एका समूहाला किती पिढ्यांचे लेखन करावे लागते, हे प्रश्न एकूण मराठी साहित्यविचाराचे आहेत. या कीर्तनांच्या संहिता संपादित होऊन अभ्यासक्रमात आल्या तर विद्यापीठाच्या वर्गात एक नवा वाचकसमूह निर्माण होईल. तो मूळ समूहाची जागा घेऊ शकणार नाही. परंतु मूळ दोनदा वाचल्यानंतर तिसऱ्यांदा ज्या भाषेत वाचले जाई ती भाषा त्याची स्वतःची आहे, आणि तेवढ्यापुरता तो या वाचनाचा वारस आहे.